रविवारी चूल बंद

वगीह चिडला होता, आणि माझं म्हणाल तर त्याचं चिडणं अगदी रास्त होतं. शुक्रवारी अख्ख्या कैरोला सुट्टी. रविवार प्रभूचा दिवस, पण त्या दिवशी ख्रिस्ती माणसानं पहाटे उठून चर्चला जायचं, तिथून धावतपळत दहाला ऑफिस गाठायचं आणि वर साहेबाचं "या, उजाडलं का?" ऐकून घ्यायचं! वगीहच्या सख्ख्या भावानं तर वैतागून शुक्रवारीच प्रार्थना उरकायला सुरुवात केली होती. आता देवाला काय, वार बदलून ये म्हणून सांगायचं?

शनिवारी वगीहनं दुसऱ्या दिवसाची रजा टाकली आणि घरी येऊन हुकूम सोडला.

"उद्यापासून या घरात रविवारी कुणी काम करायचं नाही. विश्रांती म्हणजे विश्रांती!"

त्याची बायको मादलिन भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली. "कुणीच नाही?"

"कुणीच नाही!"

"बरं झालं बाई. पण अहो इरिनीचे बाबा, उद्या संध्याकाळी अबानूबची आई येतेय ना, आपल्या पोरीच्या लग्नाचं बोलायला?"

(हे तो साफ विसरला होता. पण वगीह शब्दाचा पक्का. निदान बायकोसमोर तरी.) "मग? देव बघून घेईल!"

"बघू दे," म्हणत मादलिननं हात धुतले.

रविवारी दोघं चर्चहून उपाशीपोटी परतले. इरिनी बँकेत कामावर गेली. मादलिन सोफ्यावर पाय पसरून बसली ती बसलीच. वगीहनं दोनदा खाकरून पाहिलं.

"अगं, चहा म्हणजे काय काम आहे का?"

"तुम्ही करून बघा आणि मला सांगा."

असा संताप झाला म्हणता त्याचा! हुकूम त्यानं ऑफिसवर रागावून काढला होता. स्वयंपाकघराचा त्यात संबंधच काय? दुपार कलली तशी मात्र त्याला धडकी भरली. पोरीचा जीव अबानूबवर जडला होता, आणि त्याची आई मागे एका घरून निव्वळ चहा गार मिळाला म्हणून उठून आली होती.

"मादलिन, विश्रांतीच्या दिवशी बैल खड्ड्यात पडला तर त्याला बाहेर काढायला प्रभूची परवानगी आहे!"

"काढा की. पडलायत तुम्हीच." आणि ती आत जाऊन दार लावून झोपली.

वगीहनं बाह्या सरसावल्या. खालच्या दुकानातून दूध आणलं, फडताळाच्या मागून तुपाचा डबा शोधला आणि ओव्हनमध्ये मॅकरोनी लावली. वरून छान लालसर झाली तेव्हा त्याला स्वतःचाच अभिमान वाटला.

संध्याकाळी इरिनीपाठोपाठ अबानूब आणि त्याची आई इव्होनबाई आत आले. इव्होनबाईंनी नाक वर करून वास घेतला.

"तूप? आणि दूध? या दिवसांत?"

वगीहनं कपाळावर हात मारला. ईस्टरआधीचा मोठा उपवास चालू होता! दूध, तूप, मांस काही चालत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वगीहचा उपवास आजवर ताटात आयता वाढून यायचा. तो कुणीतरी सांभाळावा लागतो, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. (शिवाय ते तूप ईस्टरच्या बिस्किटांसाठी राखलेलं होतं. तो विषय मी काढत नाही.)

इरिनीचे डोळे भरून आले. "बाबा, काय केलंत हे!"

"हे तुम्ही केलंत?" इव्होनबाईंनी नुकत्याच बाहेर आलेल्या मादलिनला विचारलं.

"छे हो," मादलिननं जांभई दिली. "रविवारी मी काम करत नाही. ह्यांचा हुकूम आहे. ह्यांनीच केलंय."

इव्होनबाई बघतच राहिल्या. मग लेकाकडे वळून कडाडल्या, "बघ! तुझ्या बापानं उभ्या जन्मात मला रविवारी पाण्याचा पेला दिला नाही. बायकोला विसावा देणारा माणूस कसा असतो ते बघून घे! ईस्टर झाला की साखरपुडा!"

इरिनीनं बापाला मिठी मारली. वगीहची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं ताणली गेली. निघताना इव्होनबाई दारात थांबल्या.

"वगीहभाऊ, तुमच्या घरची ही रीत मोडू नका हं. आता लग्नापर्यंत आम्ही दर रविवारी तुमच्या हातचंच जेवायला येणार. उपवास संपेपर्यंत तेवढं तेलात करा."

सोमवारी सकाळी वगीह साहेबासमोर हात जोडून उभा होता. रविवारी त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूर्ण वेळ काम हवं होतं.

"अहो, पण रविवार तुमचा विश्रांतीचा दिवस ना?" साहेब म्हणाला.

"म्हणून तर ऑफिसात येतो म्हणतोय, साहेब."