घाईबाईंचा डुलका आणि डाव्या बाजूचं बेअरिंग

हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. मलाच आठवड्यातून दोनदा पटत नाही! पण तुम्ही दोघी आजच कामावर रुजू झालात, लिफ्टच्या धंद्यात पडलात, तेव्हा तुम्हाला हे कळायलाच हवं. बसा. चहा गरम आहे तोवर ऐका. मी माझा पेला या लोखंडी कड्यावर टेकवतो. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे घडलं त्या दिवशी मी रजेवर होतो. लांब, डोंगराच्या पायथ्याशी, झाडाखाली आडवा! त्यामुळे यात माझा काडीचाही संबंध नाही.

तर आपल्या व्यवस्थापक बाई. समोर सगळे मॅडम म्हणतात, पाठीमागे घाईबाई. नाव उगाच पडलं नव्हतं. बाई जिना उतरताना शेवटच्या तीन पायऱ्या मोजायच्याच नाहीत. चहा उभ्यानं, जेवण फोनवर, आणि झोप? झोप त्यांच्या लेखी लिफ्टमधल्या आरशासारखी होती. असली तर छान, नसली तर काही अडत नाही. शहरभरातल्या दोनशे लिफ्टांची देखभाल त्यांच्या डोक्यात. कुठल्या इमारतीत कुठलं दार कुरकुरतं, हे त्यांना पाठ. लेकीची इयत्ता मात्र एकदा विचारून घ्यावी लागली होती.

मग एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, काटा बघितला आणि चष्माच काढून ठेवला.

"वरचा आकडा एकशे अडुसष्ट! मॅडम, तुम्ही लिफ्टची तपासणी किती दिवसांनी करता?"

"पंधरा दिवसांनी. चुकवून चालतच नाही."

"आणि स्वतःची?"

बाई पर्स उचलून उठल्याच.

"रोज दहा मिनिटं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकटं बसायचं. फोन नाही, माणूस नाही, डोळे मिटून शांत श्वास. चौदा दिवस. चौदाव्या दिवशी संध्याकाळी पाचला या. आकडा उतरला नसेल तर मी महिनाभर सक्तीच्या विश्रांतीचं पत्र लिहिणार, आणि ते तुमच्या वरिष्ठांना स्वतः नेऊन देणार!"

महिनाभर घरी! बाईंना त्यापेक्षा तुरुंग बरा वाटला असता, तिथं निदान हजेरी तरी असते. त्यांनी लगेच तक्ता आखला. चौदा रकाने, दहा-दहा मिनिटं. आणि कुणालाही सांगितलं नाही. घाईबाई डोळे मिटून बसतात हे बाहेर फुटलं, तर ऑफिसात धाक काय राहणार!

पहिल्या दिवशी घरी न्हाणीघरात बसल्या. दुसऱ्या मिनिटाला दारावर टकटक. लेक म्हणाली, "आई, माझी कंपासपेटी आत आहे का?" न्हाणीघरात कंपासपेटी! पाचव्या मिनिटाला नवरा, "अगं, बरी आहेस ना?" आठव्या मिनिटाला सासूबाई, "सूनबाई, बाहेर ये, कुणी काही बोललं का तुला?" बाहेर आल्या तेव्हा नाडी आधीपेक्षा जोरात!

मग गच्ची झाली. तिथं शेजारच्या बाईंनी तासभर गुडघेदुखी ऐकवली. बंद गाडीत बसून पाहिलं, तर रखवालदारानं काच ठोठावून विचारलं, "मॅडम, शुद्धीत आहात ना?" असे तेरा दिवस गेले. तक्त्यात तेरा फुल्या. चौदावा दिवस उजाडला.

आणि त्या दिवशी दुपारी अडीचला, जिन्यापाशी उभ्या असताना, बाईंना उत्तर सापडलं. ज्या खोलीत कुणीही टकटक करू शकत नाही अशी खोली आपल्याच इमारतीत आहे. मागच्या बाजूची सामानाची लिफ्ट! दुपारी ती तशीही रिकामीच असते.

बाईंनी फोन टेबलावर ठेवला. देखभालीची चावी घेतली, घडीची खुर्ची घेतली, तळमजल्यावर 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवली आणि आत शिरल्या. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध चावी फिरवून लिफ्ट थांबवली. पंखा चालू, दिवा बंद. डोळे मिटले. एक श्वास. दुसरा श्वास. तिसरा घेतला की नाही, ते त्यांनाही आठवत नाही. तीन वर्षांची झोप एकदम अंगावर कोसळली!

आता आपल्या दारातला तो फळा तुम्ही पाहिलाच असेल. 'या इमारतीतली लिफ्ट बंद न पडता गेलेले दिवस.' त्या दिवशी त्यावर आकडा होता नऊशे नव्व्याण्णव. दुसऱ्या दिवसासाठी हजाराची पाटी लाल रंगात रंगवून, वाळवून तयार होती. गिऱ्हाइकं आली की बाई आधी फळ्यापाशी न्यायच्या, मग खुर्चीपाशी.

पाचव्या मजल्यावर शिंपी आहेत ना, त्यांना त्याच वेळी लाकडी पुतळे खाली पाठवायचे होते. सहा पुतळे, सगळ्यांना कोट चढवलेले. त्यांनी बटण दाबलं. लिफ्ट येईना. पुन्हा दाबलं. तेवढ्यात दारामागून आवाज आला. घर्रर्र... घर्रर्र... फुस्स!

शिंपी दोन पावलं मागे. त्यांनी लगेच खाली आपल्या लिफ्टच्या ऑफिसात फोन लावला. "अहो, तुमची लिफ्ट अडकलीय, आणि आत काहीतरी गुरगुरतंय!"

फोनवरची मुलगी बाईंच्या खोलीत धावली. खोलीत बाई नाहीत! अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. टेबलावर फोन मात्र होता, आणि तो थरथरत होता. पडद्यावर अक्षरं, 'दहा मिनिटं संपली!' शेजारी एक कार्ड, 'शेवटची मुदत, संध्याकाळी पाच.' खाली कुणाची तरी न लागणारी सही.

मुलीनं किंकाळीच फोडली. "मॅडमना पळवून नेलंय!"

झालं! लिफ्ट अडकली ही एक धावपळ, बाई गायब ही दुसरी. या दोन दोऱ्यांची गाठ मारावी असं तिथल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. बाईंच्या नवऱ्याला फोन गेला. ते शाळेत भूगोल शिकवतात. जगातली यच्चयावत आखातं नकाशावर दाखवतील, पण बायको या घटकेला कुठे असेल हे त्यांना कधीच सांगता आलं नव्हतं.

"पळवून नेलंय? हिला?" ते म्हणाले. "अहो, पळवणारे दमतील!" पण तास अर्ध्यावरच सोडला. सासूबाईंना घेऊन, खडूनं भरलेल्या हातांनी, ते तडक येऊन पोहोचले.

इकडे पाचव्या मजल्यावर आपला मिस्त्री दाखल. आता हा मिस्त्री कोण, ते विचारू नका. मी रजेवर होतो म्हणालो ना! कुणीतरी होता बिचारा. अनुभवी होता, एवढं नक्की. त्याची ख्याती अशी, की लांब दांडीचा पेचकस दाराला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि नुसत्या आवाजावरून यंत्राची नाडी सांगायची.

"सगळ्यांनी गप्प!" मिस्त्री गरजला. "यंत्र बोलतंय."

तीस माणसं गप्प झाली. शिंपी, त्यांचे कारागीर, सहाव्या मजल्यावरचा दंतवैद्य आणि त्याचा एक पेशंट, गालात कापसाचा बोळा तसाच. मिस्त्रीनं मूठ कानाला लावली. घर्रर्र... फुस्स!

"बेअरिंग!" त्यानं निकाल दिला. "डाव्या बाजूचं. आतल्या गोळ्या झिजल्यात. घर्र होतंय ते गोळ्यांचं, फुस्स होतंय ते वंगण संपल्याचं."

"आता मध्येच थांबलं हो," शिंपी म्हणाले.

"हं. धाप लागलीय त्याला."

"आणि आता चुटचुट केल्यासारखं..."

"तेच ते! हे लक्षण फार वाईट. छत्तीस वर्षांत असं खराब बेअरिंग ऐकलं नाही मी!" आणि त्यानं तिथूनच दुकानात फोन लावून नवं बेअरिंग मागवलं. सगळ्यात मोठं, ताबडतोब!

एवढ्यात जिना चढून सासूबाई आल्या. धापा टाकत कठड्याला टेकल्या. सुनेच्या काळजीनं डोळे भरलेले. आणि दारामागून आवाज आला, घर्रर्र... घर्रर्र... फुस्स!

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. मान तिरकी केली. पुन्हा ऐकलं.

"हे काय म्हणालात तुम्ही?"

"बेअरिंग, आजी. डाव्या बाजूचं."

"बेअरिंग कसलं? ही आमची सून आहे!"

"आई, काहीतरीच काय!" भूगोलाचे सर म्हणाले.

"तू गप्प बस. तू घरात सगळ्यात आधी झोपतोस, तुला काय माहीत! अठरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय मी. आधी दोन मोठे, मग एक फुस्स. उजव्या कुशीवर असली की चुटचुट." त्या दाराजवळ गेल्या, थंडगार पत्र्यावर तळवा ठेवला. "तीन वर्षं झाली, हा आवाजच बंद झाला होता. मला वाटायचं, माझेच कान गेले."

मिस्त्रीचा पेचकस हळूच खाली आला.

"हाक मारू का?" त्यानं विचारलं.

"खबरदार!" सासूबाई कुजबुजल्या, पण अशा कुजबुजल्या की सहाव्या मजल्यावर ऐकू गेलं. "माझ्या सुनेला जो उठवेल त्याची गाठ माझ्याशी आहे. सगळे फोन बंद करा!"

आणि पोरींनो, तीस फोन बंद झाले. कुणी जिन्यावर बसलं, कुणी भिंतीला टेकलं. शिंपी आपल्याच एका पुतळ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसले. बोळावाला पेशंट दंतवैद्याच्या खांद्यावर पेंगला, मग दंतवैद्य पेशंटच्या. फोनवरची मुलगी म्हणाली, "फोन वाजला तर?" आणि तिच्याच लक्षात आलं, की फोन खाली आहे आणि ती इथे आहे, आणि आभाळ काही कोसळलेलं नाही. तासभर पाचव्या मजल्यावर पंख्याशिवाय काही हललं नाही. मिस्त्रीही, म्हणे, पहिल्यांदाच पाय पसरून बसला. त्यालाही बरं वाटलं. म्हणे! मी कुठे होतो तिथं!

सव्वाचारला जिन्यातून धडाधड पावलं वाजली आणि खोकं खांद्यावर घेतलेला एक माणूस ओरडला, "बेअरिंग कुणी मागवलंय?"

तीस जणांनी एकदम "श्श!" केलं. ते "श्श" इतकं जोरात झालं, की आतली घरघर थांबली. चावी फिरल्याचा आवाज आला. लिफ्ट हलली, वर आली, दार उघडलं. आत घडीच्या खुर्चीवर बाई. केस एका बाजूला चपटे, गालावर खुर्चीच्या पट्टीची खूण. समोर तीस माणसं आणि कोट घातलेले सहा पुतळे!

बाई ताडकन उठल्या. सवयीनं तोंडातून निघालं, "कोण अडकलंय?"

"कुणी नाही, बाळ," सासूबाई म्हणाल्या. "झाली का झोप?"

पाचला डॉक्टरीणबाईंनी पट्टा गुंडाळला. वरचा आकडा एकशे बावीस! यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं आणलं. त्यावर एकशे वीस. तरी शंका फिटेना म्हणून स्वतःच्या दंडाला लावून पाहिलं. एकशे पंचेचाळीस निघाला! सक्तीच्या विश्रांतीचं पत्र फाडलं, आणि म्हणे स्वतःसाठी एक तक्ता आखायला घेतला.

बाई ऑफिसात परतल्या त्या थेट फळ्यापाशी. मिस्त्री पुढे झाला. "मॅडम, कुणाला कळायचं नाही. तुम्ही थांबवली होती, ती काही बंद पडली नव्हती. हजार होऊन जाऊ देत. फार तर मी बेअरिंगवर ढकलतो."

"लोकांनी बटण दाबलं आणि लिफ्ट आली नाही, याला काय म्हणतात?" बाईंनी फडकं घेतलं, नऊशे नव्व्याण्णव पुसलं, शून्य लिहिलं. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'व्यवस्थापक झोपल्या.' आणि खाली नवा नियम. प्रत्येकानं रोज दहा मिनिटं फोन ठेवून एकटं बसायचं, आणि वर्षाची रजा वर्षातच संपवायची. चुकवून चालणार नाही!

म्हणून तुम्हाला दोघींना आज रुजू होताना तो दहा मिनिटांचा तक्ता दिला. कळलं?

काय म्हणालीस? तो मिस्त्री? तो... गेला सोडून. वय झालं होतं, कान गेले होते. मला काय माहीत! मी तर रजेवर, डोंगराच्या पायथ्याशी, झाडाखाली—

"काका!"

आं? मॅडम, तुम्ही केव्हापासून दारात उभ्या आहात?

"बेअरिंगपासून. तो चहाचा पेला उचला आधी त्या नव्या बेअरिंगवरून, गंजेल ते. आणि हा धरा कोरा अर्ज. छत्तीस वर्षांत तुम्ही एक दिवस तरी रजा घेतलीत का हो?"