चंद्री आणि सुजलेला डॉक्टर

"मामा, आज गोळी घेतलेली नाही बरं का!" मोडनिंबला एसटीतून उतरता उतरताच जोतीरामनं छाती फुगवली. "आज आपण टक्क जागे! पोरगी बघतो, चार शब्द बोलतो आणि होकार घेऊनच उठतो!"

जोतीराम म्हणजे सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात नुकताच लागलेला गुरांचा डॉक्टर. साल पंचाहत्तर. अंगात टेरिकॉटचा बुशकोट, हातात औषधांची बॅग. कॉलेजात हिस्टामिन आणि सिरोटोनिन ह्या अंगातल्या रसायनांवरच्या औषधांत त्याचा पहिला नंबर! अंगात हिस्टामिन सुटलं की जनावर कसं सुजतं आणि कुठल्या इंजेक्शननं उतरतं, हे तो कुणी न विचारताही सांगायचा. आणि गंमत बघा, ह्याच पठ्ठ्याच्या अंगात म्हशीजवळ गेलं की हिस्टामिन सुटायचं! गाय चालायची, शेळी चालायची, घोडासुद्धा चालायचा. म्हैस आली की शिंका, अंगभर पित्ताच्या गांधी आणि डोळे बंद! रोज सकाळी एक गोळी गिळून बिचारा नोकरी रेटत होता. साहेबाला अजून पत्ता नव्हता.

पण त्या गोळीनं झोप यायची, तीही भलती. मागं कुर्डुवाडीला पोरगी बघायला गेला, तर पोह्यांची बशी मांडीवर घेऊन चक्क घोरायला लागला! मुलीच्या बापानं "पोरगा पितो वाटतं" म्हणून लांबूनच हात जोडले. म्हणून आज गोळी बंद. पोरगी बघायच्या बैठकीत म्हैस कुठनं येणार?

येते हो! नशीब फिरलं की बैठकीतसुद्धा म्हैस येते.

मुलीच्या वडिलांच्या, कुंडलिकआप्पांच्या सोप्यात बैठक बसली. वच्छला पोहे घेऊन आली. सावळी, तरतरीत, आणि मान खाली न घालता सरळ बघणारी. जोतीराम गारच झाला! लग्न करीन तर हिच्याशीच, नाहीतर जन्मभर असाच राहीन, असं त्यानं पहिल्या घासालाच ठरवून टाकलं. रावजीमामानं मांडीला चिमटा काढून विचारलं, "काय?" जोतीरामनं मान डोलावली. आता आप्पांनी तेवढं 'व्हय' म्हणायचं राहिलं होतं.

तेवढ्यात मागच्या दारानं वच्छलाची आई मथुराबाई धावत आली.

"आवं, चंद्रीला बगा की! कडब्याच्या गंजीतनं गांधीलमाशा उठल्या! त्वांड भोपळ्यावानी सुजलंय तिचं!"

"चंद्री कोण?" जोतीरामनं विचारलं.

"म्हैस आमची!" आप्पा ताडकन उठले. "देवानंच धाडलंय तुमास्नी, डॉक्टर! चला!"

जोतीरामचे पाय जागचे हलेनात. मामानं त्याला मागनं ढकललं.

गोठ्यात मात्र चेष्टेचा प्रकार नव्हता. चंद्रीचे डोळे मिटले होते, जीभ बाहेर आली होती आणि श्वासाला घरघर लागली होती. वच्छला तिच्या गळ्याला मिठी मारून रडत होती.

"पारडू हुती तवापासनं वाढवलीया हिला, डॉक्टर. वाचवा हो!"

"आक्‌छी!" डॉक्टर म्हणाले.

त्यानं बॅग उघडली. इंजेक्शनच्या बाटलीत तळाला औषध होतं. म्हशीला जेमतेम पुरेल एवढंच. तोवर त्याची मान खाजायला लागली होती आणि ओठ जड झाले होते.

"आरं, आदी थोडं तू टोचून घे!" मामा कानाशी लागला. "मी हितं आडवा हुबा ऱ्हातो."

"म्हशीला कमी पडंल, मामा."

"म्हशीचं काय घेऊन बसलास? सोताचं त्वांड बग! असल्या तोंडाला कोन पोरगी देतंय?"

मामाचं खोटं नव्हतं. गुरांच्या डॉक्टरला म्हैस सोसत नाही, ही बातमी फुटली की पोरगी गेली, नोकरी गेली, आणि हसं व्हायचं ते वेगळंच! जोतीरामनं सुई भरली. त्याचा हात घुटमळला. मग चंद्रीनं एक श्वास असा ओढला की पुढचा येतोय का नाही कळेना. सगळं औषध हिलाच, त्यानं ठरवून टाकलं.

पण टोचायचं कुठं? त्याचा स्वतःचाच उजवा डोळा बंद, डावा अर्धा. मान कुठं आणि शीर कुठं! वच्छलानं त्याचं मनगट धरून नेमक्या जागी टेकवलं.

"हितं! आता हलू नका!"

"कोण? मी का म्हैस?"

"दोगंबी!"

शिंक दातांत दाबून त्यानं औषध हळूहळू आत सोडलं. मग सगळे नुसते बघत उभे राहिले. आप्पांच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. बराच वेळ घरघर चालली. मग कमी झाली. मग चंद्रीनं कान हलवला, डोळा किलकिला केला आणि कडब्याला तोंड लावलं!

"वाचली!" वच्छला ओरडली.

"आगं बया!" मथुराबाई तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "डॉक्टरला काय झालं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. जोतीरामचं तोंड आता चंद्रीपेक्षाही सुजलं होतं. संपलं सगळं! लपवण्यात अर्थ नव्हता. सरळ खरं सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"म्फ," तो म्हणाला. "म्फ, म्फ."

ओठच हलत नव्हते हो!

मथुराबाईनं एकदा म्हशीकडं पाहिलं, एकदा डॉक्टरकडं पाहिलं, आणि तिनं एकदम हात जोडले. "तिचं उतरलं आन् ह्यांचं चडलं! मुक्या जनावराचं दुकनं सोताच्या आंगावर घेतलं ह्यांनी!"

"व्हय की!" मामा तरी काय कमी! "आमचा जोतीराम तसलाच हाय. लई हळवा!"

आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. "ठरलं! लेक दिली तुमास्नी! आन् लेकीसंगं चंद्री बी दिली, आंदण!"

जोतीरामनं जोरजोरात मान हलवली.

"बगा, नगं म्हनत्यात! किती सादा मानूस!" आप्पांनी त्याचे दोन्ही हात धरले. "पन मी ऐकायचो न्हाय!"

आता एकच आशा उरली होती. ही शहाणी दिसते, ही ओळखेल, म्हणून त्यानं डोळ्याच्या फटीतून वच्छलाकडं काकुळतीनं पाहिलं. ती जवळ आली आणि लाजत, हळूच बोलली.

"चंद्री संगं आसली तर मला सासर परकं न्हाई वाटायचं. येकच सांगून ठिवते. रातची मी तिच्या कुशीलाच झोपती. तुमी बी तितंच आंथरून घाला."

"म्फ!" जोतीराम म्हणाला.

"होकार हाय!" मामानं सगळ्यांना सांगून टाकलं.