विसरभोळ्या कोठीची हकीकत

श्री. लिहिणाऱ्यास सवड आणि वाचणाऱ्यास धीर मिळो ऐसे प्रार्थून, शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरी, चैत्र मासी जे वर्तमान जाले ते लिहिले असे. कोणे एके राज्यी संगणकावर आज्ञा लिहिणारे पुष्कळ, आणि दौलतीची माहिती सांठविणारी थोरली कोठी दूरदेशी, आणि तेथे कोणाचे हातून मोडतोड होऊ नये म्हणोन हुकूम सुटला कीं, ज्याने त्याने आपले यंत्रावर लहान कोठी उभारून प्रयोग करावा. कोठीचा दस्तूर ऐसा कीं, किल्ली सांगावी, ऐवज घ्यावा. अधिक बोलणे नाही. चारुशीलाबाई बाळंतपणाची रजा संपवून घरूनच चाकरीवर रुजू जाल्या होत्या. सरदार त्रिंबकराव बोलिले, "बाई, शुक्रवारी कोठी चालवून दाखवा. न जमल्यास मोहीम वामनपंतांकडे." वामनपंत जुने जाणते. त्यांणी एका ओळीची आज्ञा धाडिली आणि बोलिले, "ताई, ही वाचायची नसते, नुसती चिकटवायची. आम्हीही तेच केले." बाईंनी चिकटविली, आणि कोठी उभी राहिली. मग कन्यारत्न पाळण्यात निजे तितुक्याच घटकांत बाईंनी चार दिवस खपोन दोनशे नोंदी भरिल्या आणि सरदारांस तैसे कळविले. शुक्रवारी सकाळी कोठी अडखळो लागली. पंत बोलिले, "बंद करून पुन्हा चालू करा, सर्व रोगांवर हीच मात्रा." बाईंनी तैसे केले, आणि पाहतात तो आत नुसता वारा! मग आज्ञा प्रथमच वाचिली. शेवटी लिहिले होते कीं, सर्व ऐवज यंत्राचे स्मरणातच ठेवावा, कायम टिकणाऱ्या तबकडीवर उतरवू नये. कोठी मिटली कीं स्मरण गेले. बाईंनी पुसिले, "पंत, तुमचे कधी गेले नाही?" "छे! तीन वर्षांत नाही." "कोठी कधी बंद केली होतीत?" "बंद? ती कशाला?"

मग बाईंनी ते शब्द काढिले, कोठीस तबकडीवर जागा नेमिली, जागी जालेली कन्या मांडीवर घेतली, आणि एका हाते नोंदी लिहू लागल्या. कन्येनेही कळफलकावर पंजा मारून एक नोंद केली. पडद्यावर दरबार भरला तो नोंदी चारच. त्रिंबकराव हसिले, "दोनशे ना हो?" "चारच आहेत, साहेब. पण पाहा," म्हणोन बाईंनी भर दरबारी कोठी मिटली. मग उघडिली, किल्ल्या सांगितल्या, आणि चारही नोंदी हजर. 'ममझझझ' ही कन्येचीसुद्धा. त्रिंबकराव बोलिले, "वा! पंत, आता तुमची मिटून दाखवा." तों पंतांचे चित्र काळे जाले, आणि निरोप आला कीं, नेटवर्क गेले.

एणेप्रमाणे मोहीम बाईंकडे राहिली. पंतांचे नेटवर्क सोमवारी आले.