बाबा पडण्याची रंगीत तालीम

बाबांना बाथरूममध्ये धरायला एक दांडी हवी होती. दोनदा पाय घसरला होता, थोडक्यात वाचले होते. मागणी एवढीशी, पण बाबा पडले निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी ती मुलांना लेखी दिली आणि तिथंच घोडं अडलं.

लेखी मागणी म्हटल्यावर समिती आली. थोरला अध्यक्ष, ताई सचिव. धाकटा सगळ्यांत लांब राहायचा, म्हणून तो समन्वयक. बैठका दर रविवारी बाबांच्याच घरी. चहा बाबा करत.

"विषय तुमचाच आहे, तेव्हा तुम्ही जरा आत बसा," थोरला म्हणाला. "हितसंबंध आड येतात."

"अरे, पण दांडीचं काय?"

"बाबा, सुटी दांडी नाही बसवता येत," ताई म्हणाली. "आपण सर्वंकष धोरण आणतोय."

सहा महिन्यांत धोरण बेचाळीस पानांचं झालं. दांडी एकतिसाव्या पानावर विचाराधीन होती. मग रंगीत तालीम ठरली. रविवारी अकराला बाबांनी पडायचं, तसं कळवायचं, आणि कोण किती मिनिटांत धावत येतं ते बघायचं.

बाबा नियमाचे पक्के. अकराला चटई अंथरून, उशी घेऊन ते रीतसर पडले आणि ग्रुपवर लिहिलं, 'पडलो.' धाकट्यानं लगेच अंगठा पाठवला. ताईनं विचारलं, 'या आठवड्यात पाळी कुणाची?' थोरल्यानं तक्ता पाहिला. पाळी धाकट्याची निघाली, त्यानं अदलाबदलीचा अर्ज टाकला. साडेबाराला बाबांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. ते उठले, जेवले आणि कोपऱ्यावरच्या प्लंबरला बोलावून आणलं. त्यानं वीस मिनिटांत दांडी बसवली.

दोन वाजता समिती पोचली. अहवालात नोंद झाली, 'लाभार्थी घटनास्थळी अनुपस्थित. त्यांच्या असहकारामुळे तालीम फसली.' बाबांना आधी राग आला, मग हसूच फुटलं.

तेवढ्यात थोरला बाथरूममध्ये गेला. त्याला अठ्ठावन्नावं लागलं होतं, गुडघे वर्षभर कुरकुरत होते. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "बाबा, दांडी भलतीच कामाची आहे हो. माझ्याकडेही एक बसवायची का?"

"लेखी दे," बाबा म्हणाले. "तुझ्या मुलांची बैठक लावू. चहा तू कर."

हसलात ना? बरं झालं. आता तेवढं खुर्चीवरून उठून दाखवा. हात न टेकता.