इनासमामांच्या खुंटीवरची चप्पल

आधी क्षमा मागतो. माणसावर लिहिणारा मी कोण? आमच्या घरात माझ्याआधी कोणी काही लिहिलं असेल, तर ते केळीच्या घडावर, काट्याने, आमच्या वाडीची खूण म्हणून. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून आमच्या मराठीच्या सरांनी गृहीत धरलं की मला लिहिताही येत असेल. "ओळखीच्या माणसावर लिही," ते म्हणाले. ओळखीची माणसं मला पुष्कळ आहेत. पण ज्यांच्यामुळे गावात सदा कोणाचा तरी एक पाय उघडा असायचा, असे एकच. आमचे इनासमामा.

पापडी या आमच्या गावात, आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे त्यांचं घर. नात्याचे मामा नव्हेत. आम्ही हिंदू, ते ख्रिस्ती. पण कुंपणाला लागून जो राहतो तो मामाच. ते बंबखान्यात सामानाचे राखणदार होते. पुढे आगीचा लाल बंब उभा आणि मागच्या खोलीत मामांचं राज्य. शिड्या, दोर, बादल्या, कुऱ्हाडी, पाण्याच्या नळ्या, पितळी तोट्या. प्रत्येक वस्तूला स्वतःची खुंटी, आणि एका वस्तूच्या खुंटीवर दुसरी वस्तू टांगलेली मी कधी पाहिली नाही.

गावाला हे सामान सारखं लागायचं. कोणाचं वासरू बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, पडलं की दोर हवा, कोणाच्या विहिरीत कळशी गेली की गळ हवा. मामा नाही म्हणायचे नाहीत. फक्त म्हणायचे, "डावी चप्पल ठेव."

वस्तू गेली की तिच्या खुंटीवर ती चप्पल टांगायची. वस्तू आली की चप्पल परत. खोलीत पाऊल टाकलं की काय घरात आहे आणि काय बाहेर, हे भिंतीवरच दिसायचं. नियमाला सूट एकच, बंबखान्याच्या धोक्याच्या घंटेची. "घंटा झाली की चप्पल नाय मागायची. घंटा नसली तर कलेक्टर आला तरी मागायची."

कोणी म्हणालं, चप्पल कशाला, टोपी ठेवतो, तर मामा समजावून सांगायचे, "टोपी ठेवली तर मानूस विसरतो. छत्री ठेवली तर पाऊस येईपर्यंत विसरतो. पाय विसरत नाय."

"पण डावीच का?"

"कायतरी एक ठरवायला नको?"

एका नाताळाच्या आधी फादरांनी देवळावर चांदणी लावायला शिडी नेली. चांदणी लागली, पण शिडी परत करायचं राहून गेलं. रविवारी फादर एका पायात सँडल आणि एक पाय उघडा असे वेदीपुढे उभे राहिले. म्हाताऱ्या बायांना वाटलं, फादरांनी काहीतरी कडक व्रत धरलंय. पुढच्या रविवारी पुढच्या बाकावरच्या सगळ्या बाया एक वहाण घरी ठेवून आल्या. फादरांनी प्रवचनात खुलासा केला. बायांना तो त्यांचा नम्रपणा वाटला. शेवटी मामांनी स्वतः जाऊन शिडी आणली आणि सँडल पदराखाली झाकून न्यावी तशी शर्टाखालून नेऊन दिली. मामी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "आता पोपचा जोडा तेवढा टांगायचा राहिलाय."

"शिडी नेली तर टांगेन," मामा म्हणाले.

मामांच्या घरीही हाच नियम. आमच्या बाबांना त्यांचं फावडं लागायचं. बाबा वाडीत अनवाणीच वावरायचे; लग्नात घेतलेली चप्पल दुसऱ्यांच्या लग्नासाठी राखून ठेवलेली. मग ठेवणार काय? मामांनी बराच विचार केला. शेवटी ते फावड्याबरोबर स्वतःच आले आणि बाबांचं खणून होईपर्यंत बांधावर बसून राहिले. पुढे तीच रीत पडली. बाबा खणायचे, मामा बसायचे, दोघं बोलायचे. आम्हाला स्वतःचं फावडं घेता आलं असतं, पण बाबांनी कधी घेतलं नाही.

मामांना पुरून उरलेला माणूस एकच, अर्नाळ्याचा हरेश्वर. बंबावरचा जवान. सगळे त्याला हऱ्या म्हणत. मी लहान होतो, मला त्याचं हसणं तेवढं आठवतं. बाकी गोष्टी ऐकलेल्या. एकदा त्याला घरच्या लाकडांसाठी कुऱ्हाड हवी होती. मामांनी नियम सांगितला तर त्याने पिशवीतून एक जुनी खडाव काढून ठेवली. "डाव्या पायाचीच हाय. बघून घे." मामांनी डावी आहे याची खात्री केली आणि टांगली. दोन दिवसांनी हऱ्याची आई मासळीची पाटी घेऊन दारात. "माज्या सासऱ्याची खडाव देवाजवळून कोनी नेली?"

"कुऱ्हाड आली की मिळेल," मामा म्हणाले.

"माजा सासरा स्वर्गात एका पायावर उभा हाय, त्याचं काय?"

"त्याच्या नातवाला सांगा."

म्हातारीने घरी जाऊन हऱ्याला कुऱ्हाडीसकट परत पाठवलं. त्या दिवसापासून ती आली की मामांसाठी बोंबील बाजूला काढून ठेवायची, आणि आधी पाटी दाखवून विचारायची, "हिच्या बदल्यात काय ठेवतोस?"

मला कळायला लागलं तेव्हा त्या खोलीत एका खुंटीवर एक चप्पल कायमची होती. टाचेला झिजलेली, अंगठ्याला तांबड्या दोऱ्याने शिवलेली. ती खुंटी मोठ्या बॅटरीची. पाच सेलची लांब बॅटरी, बंबखान्यातली सर्वांत लाडकी वस्तू. मी विचारलं, बॅटरी हरवली का? मामा म्हणाले, "हरवली नाय. बाहेर हाय." मला वाटलं, बाहेर म्हणजे येईल कधीतरी.

कॉलेजचं वसतिगृह मिळालं तेव्हा माझ्याकडे कपडे न्यायला काही नव्हतं. मामांकडे पत्र्याची ट्रंक होती. ती मागायला मी बंबखान्यात गेलो तर तिथे ठाण्याहून तपासणीचे साहेब आलेले. मामा निवृत्त होणार होते, त्याआधी सगळं सामान मोजून चार्ज द्यायचा होता. साहेबांनी एक पितळी तोटी उचलली आणि उजेडात बघायला अंगणात निघाले. मामांनी त्यांच्या बुटाकडे बोट दाखवलं. साहेबांना आधी कळेना. कळल्यावर ते हसले, पण मामा हसले नाहीत. म्हणून पुढचं सगळं बोलणं साहेबांनी एका पायात नुसता मोजा घालून केलं. माणूस चांगला होता.

"ही चप्पल कोणाची?" त्यांनी त्या खुंटीकडे पाहून विचारलं.

"बॅटरी बाहेर हाय, साहेब."

"कोणाकडे?"

"हऱ्याकडं."

"मग बोलवा त्याला."

मामा दुसरी एक तोटी पुसत राहिले. बंबाचे ड्रायव्हर खाकरले आणि त्यांनीच सांगितलं. वादळ आलं होतं. अर्नाळ्याच्या काही होड्या समुद्रात अडकल्या होत्या. बंबखान्याची घंटा झाली. घंटा झाली म्हणजे चप्पल मागायची नव्हती, आणि मामांनी मागितलीही नाही. पण हऱ्या बॅटरी घेऊन धावता धावता दारातून मागे वळला, डावी चप्पल काढून मामांकडे फेकली आणि म्हणाला, "घे, नायतर तुला झोप नाय लागायची." मग तो किनाऱ्यावर गेला आणि पहिल्या होडीत चढला. अडकलेल्या होड्या त्या बॅटरीचा उजेड बघत परत आल्या. हऱ्याची आली नाही. नंतरही काही सापडलं नाही, ना तो, ना बॅटरी.

साहेब खुर्चीत बसले. हळू आवाजात म्हणाले, "मामा, ही बॅटरी आपण निर्लेखित करून टाकू."

"म्हंजे काय?"

"म्हणजे ती आता नाही, असं धरायचं. तुम्ही फक्त सही करायची."

"नाय कशी, साहेब? चप्पल हाय ना."

"अहो, तुमचा चार्ज अडेल. पेन्शन अडेल."

"अडू द्या. मी सही केली तर तो बाहेर हाय, असं सांगनार कोन?"

साहेबांनी पुढे वाद घातला नाही. तोटी खुंटीवर गेली. मामांनी त्यांचा बूट फडक्याने पुसून पायाशी ठेवला.

मग ते माझ्याकडे वळले. मी चाचरत ट्रंकेचं सांगितलं आणि सांगता सांगता चप्पल काढायला वाकलो. कॉलेजसाठी घेतलेली नवी होती, मला वाईट वाटत होतं, पण नियम तो नियम.

"राहू दे," मामा म्हणाले. "ट्रंक घरी हाय, मामीकडून घे."

"पण मामा, नियम?"

"लांब जानाऱ्याची चप्पल नाय टांगत मी आता. तू जा. परत ये म्हंजे झालं."

खरं सांगायचं तर ट्रंक खांद्यावर घेऊन घरी जाताना मला थोडं लागलं होतं. गावातल्या सगळ्यांची चप्पल त्या खोलीत टांगली गेली होती, आणि माझी नाही. ते का, हे मला पुढे वसतिगृहात कळलं, एकटा असताना.

तिथून मी घरी विचारत राहायचो, मामांनी सही केली का? येणारा जाणारा सांगायचा, नाही केली. निवृत्तीचा दिवस गेला तरी ते रोज बंबखान्यात जात होते. नव्या राखणदाराला नेमणूक होऊनही चार्ज मिळत नव्हता. तो बिचारा दाराबाहेर स्टुलावर बसायचा, आणि मामा त्याला चहा पाजायचे. मामी म्हणायची, "पेन्शन नाय तर नाय, मानूस घरी तरी द्या."

परवा बाबा वसतिगृहात आले. केळी आणली होती. पायात ती लग्नाची चप्पल. खोलीत माझ्या मित्रांसमोर ते बोलेनात, म्हणून आम्ही जिन्यात बसलो.

"इनासने सही केली," बाबा म्हणाले.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. साहेबांनी दटावलं का, मी विचारलं.

"साहेब कुठला. हऱ्याची आई आली होती. आता दिसत नाही तिला फारसं, नातीने हात धरून आणली. पाटी नव्हती डोक्यावर. इनास म्हणाला, बसा. तर उभ्यानेच म्हणाली, 'हऱ्या होडीत चढताना उजवी वाळूत काढून गेला, ती माज्याकडं हाय. एक तुज्याकडं, एक माज्याकडं. पोरानं उभं कुठं रावं?'"

बाबांनी एक केळं सोलून माझ्या हातात दिलं.

"इनासने चप्पल काढली खुंटीवरून. सही केली. नवा माणूस गमतीने म्हणाला, मामा, खुंटीवरचं नेताय, बदल्यात काय ठेवताय? इनासने आपली डावी काढून टांगली. तसाच एक पाय उघडा टाकत एस.टी.त चढला, म्हातारीबरोबर अर्नाळ्याला गेला."

"मग आणली का त्यांनी परत? त्यांची चप्पल?"

"वस्तू आलीय का परत? अजून तसाच फिरतो. मामी बडबडते." बाबांनी दुसरं केळं सोललं. मग म्हणाले, "मी गेलो होतो रे बघायला. दोन्ही चपला म्हातारीच्या उंबऱ्याबाहेर ठेवल्यात. जोडून. टाचा समुद्राकडे. आत गेलेल्या माणसाच्या असतात तशा."