गाडी उभी कर

अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर वडिलांच्या मुखातून जे पहिले वाक्य बाहेर पडले, ते असे होते: "गाडी… ति… उभी कर."

पन्नाशी उलटलेल्या चिरंजीवांचे डोळे भरून आले. वडिलांच्या खाटेलगतच्या खिडकीबाहेर, ताडपत्रीखाली, त्यांच्या तरुणपणातली मोटार कित्येक वर्षे मृतवत पडून होती. तिला पुन्हा उभी करून रस्त्यावर धावताना पाहावे, हीच पित्याची अखेरची इच्छा असणार, याविषयी चिरंजीवांच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. वडिलांनी आयुष्यात त्यांना एकदाही शाबास म्हटले नव्हते. तो शब्द आता दृष्टिपथात आला.

"तिला उभी करतो, बाबा! शब्द देतो!"

वडिलांनी मान जोराने हलवली. ती आडवी हलली होती. परंतु झटका आलेल्या मानेकडून दिशेची अपेक्षा धरणे चिरंजीवांना क्रूरपणाचे वाटले.

"अहो, त्यांना दुसरंच काहीतरी सांगायचंय," पत्नी म्हणाली.

"तुला गाड्यांमधलं काय कळतं?"

"गाड्यांमधलं नाही कळत. बाबांमधलं कळतं. रोज भरवते त्यांना."

मिस्त्री आले. त्यांनी बॉनेटला कान लावला आणि डोळे मिटले. "जीव आहे, साहेब. फक्त श्वास घेत नाही. इंजिन उतरवावं लागेल."

इंजिन उतरले. बाहेर ते गंजेल म्हणून बैठकीत आले. त्याच्यामागोमाग गिअरबॉक्स जेवणाच्या टेबलावर विराजमान झाला आणि कुटुंब जमिनीवर जेवू लागले. एक दातेरी चाक कुठेच मिळेना, तेव्हा त्याच जातीची दुसरी मृत मोटार विकत आणून परसात ठेवावी लागली.

"माझ्या भाताच्या पातेल्यात काय उकळतंय?"

"कार्बोरेटर."

"मीठ घालू?"

चिरंजीवांनी आच वाढवली. महत्कार्यात असे उपहास सोसावेच लागतात.

वडिलांच्या खिडकीखाली दिवसभर घण वाजत. रंगाचा उग्र वास थेट त्यांच्या उशाशी जाई. ते डोळे गच्च मिटून "ति… ति…" करीत.

"बघितलंस? किती उत्कंठा आहे!" चिरंजीव गहिवरून म्हणत.

वर्ष उलटल्यावर एका सकाळी मोटार खोकली, थरथरली आणि खरोखर चालू झाली. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यापर्यंत जाऊन येईस्तोवर चिरंजीवांना जे सुख लाभले, ते त्यांना लग्नातही लाभले नव्हते. परतताना त्यांनी पाहिले, तो खिडकीतून वडिलांच्या अंथरुणावर ऊन पडले होते, आणि वडील आपला धड हात त्या उन्हात धरून चक्क हसत होते.

कृतार्थ मनाने चिरंजीवांनी गाडी अलगद आणून खिडकीला अगदी खेटून लावली. वडिलांना ती जवळून दिसावी एवढाच हेतू होता. खोलीत अंधार झाला.

"बाबा, उभी केली!"

वडिलांनी सर्व बळ एकवटले. "ति… क… डे! तिकडे उभी कर! उजेड… अडतोय!"

मग मिस्त्रींनी घसा खाकरला. "आम्ही दोन्ही अर्थांनी उभी करून देतो, साहेब. आधी सांगायचंत."

चिरंजीवांनी घाईघाईने किल्ली फिरवली. मोटारीने एक उचकी दिली आणि ती गप्प झाली.

"श्वास लागला," मिस्त्री म्हणाले. "ढकलावी लागेल. माझं विचारू नका, तुमच्या इंजिनापायी पाठ गेलीय माझी."

"तुम्ही बसा आत, चाक धरा," असे म्हणून पत्नीने बाह्या सरसावल्या, गाडीला खांदा लावला आणि दात-ओठ खात रेटा दिला. मोटार तसूतसूने पुढे सरकू लागली. नव्याने पारा चढवलेल्या आरशात चिरंजीवांना दिसले, की खिडकीवरची सावली मागे हटते आहे आणि वडिलांचा हात हळूहळू वर उठतो आहे.

"शाबास!" वडील स्पष्ट म्हणाले.

प्रत्युत्तरादाखल चिरंजीवांनीही हात उंचावला. वडिलांची वाचा अद्याप अडखळत होती. त्यामुळे पुढचा शब्द जरा मागाहून आला.

"…सूनबाई."

चिरंजीवांचा हात तसाच हवेत राहिला आणि पाय आपसूक ब्रेकवर गेला. ब्रेक मात्र उत्तम लागला.

"अहो, पाय काढा की!" मागून पत्नी ओरडली. "अर्धी खिडकी अजून अंधारातच आहे!"