हर्डीकरांची उघडी पानं

इथे आखातात, बिन महमूद भागातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे हर्डीकर पत्ते वाटण्याआधी आग लागली तर कुठून पळायचं ते सांगतात. दर शुक्रवारी. आणि तेही त्याच दोन माणसांना, म्हणजे मला आणि माझ्या बायकोला, मीनलला.

हर्डीकर गॅसच्या प्लांटवर सेफ्टी ऑफिसर आहेत. तिथे पाना-पकड हातात घेण्याआधी टूलबॉक्स टॉक नावाचं छोटंसं प्रवचन करावं लागतं. आज काम काय, धोका कुठे, पळायचं कुठून. ही सवय इतकी मुरली आहे की घरी कुकर लावतानाही ते स्वतःला प्रवचन देत असावेत.

"आजचं काम, ब्लॅकजॅक. प्रकार, डबल एक्सपोजर. पैशाचं नाव कुणी काढलं तर खेळ खलास!"

या देशात कॅसिनो औषधालाही सापडायचा नाही. म्हणून आमच्या पैजा खजुराच्या धुऊन वाळवलेल्या बियांच्या. खुद्द हर्डीकरही आयुष्यात कधी कॅसिनोत गेलेले नाहीत. एकदा पणजीला कॅसिनोच्या बोटीच्या तोंडाशी पोचले होते. पण लाइफ जॅकेटं किती आहेत या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळेना, म्हणून परत फिरले.

खेळ तसा सोपा आहे. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. पुढे गेली की बाद. राजा-राणी-गुलाम दहाचे, एक्का एकचा किंवा अकराचा. साध्या ब्लॅकजॅकमध्ये वाटणाऱ्याचं, म्हणजे डीलरचं, एक पान झाकलेलं असतं. हर्डीकरांच्या प्रकारात त्याची दोन्ही पानं उघडी. अर्थात एवढी उदारता फुकट मिळत नाही. बरोबरी झाली की डीलर जिंकतो.

"सगळं उघडं आहे, सबनीस! आता हरलात तर दोष कुणाला?"

दोष मलाच. मी मुशैरिबमधल्या एका ऑफिसात प्रोजेक्टांचं प्लॅनिंग करतो, पुढचा धोका ओळखण्याचा पगार घेतो. तरी हर्डीकरांच्या समोर पंधरा दिसत असताना मी माझ्या तेरावर पान मागतो.

"अहो, सतरा होईपर्यंत डीलरला पान घ्यावंच लागतं! पंधरावर बहुतेक बुडणार मी. तुम्ही नुसतं बसा ना!"

तोवर माझ्यासमोर राणी आलेली असते आणि मी बाद झालेलो असतो.

"नुसतं बसणं यांना फक्त घरकामाच्या वेळी जमतं," मीनल म्हणते. तिच्यापुढे बियांचा ढीग असतो.

उलट माझे वीस झाले की मी फुशारून बसतो. समोर हर्डीकरांचेही वीस आहेत हे मला दिसत नाही असं नाही, पण वीस म्हणजे वीस!

"वीसवर वीस म्हणजे तुम्ही हरलेले आहात, सबनीस. बसून हरण्यापेक्षा पान मागून हरा."

हा माणूस सुट्टीच्या दिवशी आम्हाला का छळतो, हे कोडं एका शुक्रवारी सुटलं. त्या दिवशी टूलबॉक्स टॉक झालाच नाही. हर्डीकर पत्ते पिसत राहिले आणि मग म्हणाले, "शैला येतेय. महिनाभर."

शैलावहिनी, म्हणजे हर्डीकरांची बायको, नाशकात असतात. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्याचं आम्हाला माहीत होतं. पुढचं हर्डीकरांनी सांगितलं.

"रमीत तिला हरवणारा माणूस मी पाहिला नाही. पण रमीत तेरा पानं हातात धरावी लागतात. आता उजवा हात ऐकत नाही. एकदा भिशीत पानं गळली, बायका म्हणाल्या, राहू दे गं. तेव्हापासून ती कुणाकडे जात नाही, कुणाला घरी बोलवत नाही. या खेळात हातात काही धरायचं नसतं. सगळं टेबलावर." त्यांनी कॅट खाली ठेवला. "बसली तर बसली. नाहीतर महिनाभर खिडकीतून पार्किंग बघेल आणि परत जाईल. आणि धोका एकच आहे. दया. तिला वास येतो."

हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

शैलावहिनी आल्या त्या शुक्रवारी टेबलापासून लांब, सोफ्याच्या कडेला बसल्या. "मी... बघते," एवढंच बोलल्या. हर्डीकरांनी आग्रह केला नाही. जिने, आग, बिया, सगळं प्रवचन सुरू केलं. अर्ध्यावर सोफ्यावरून आवाज आला.

"अहो... आग लागायच्या आत... वाटा."

मीनल इतकी हसली की बिया सांडल्या. त्या गोळा होईपर्यंत वहिनी खुर्चीत येऊन बसल्या होत्या.

तिसऱ्याच डावात त्यांचे वीस झाले. हर्डीकरांचेही वीस. वहिनींनी डाव्या हातानं खूण केली, पान नको. आणि माझ्यातला सद्गृहस्थ उसळला.

"पहिल्याच दिवशी कसले नियम! वहिनी, हा डाव तुमचाच!"

मीनलनं टेबलाखालून माझा पाय चेचला. गॅसच्या टाकीपाशी काडी ओढणाऱ्याकडे बघावं तसं हर्डीकरांनी माझ्याकडे बघितलं. वहिनींचा हात टेबलावरून खाली मांडीवर गेला. मी महिनाभराची वाट लावली होती.

हर्डीकरांनी वहिनींच्या सगळ्या बिया स्वतःकडे ओढल्या.

"बरोबरी डीलरची."

"पान... मागायचं होतं?"

"मागायचं होतं."

"मग आधी... सांगायचं!"

"फोनवर सांगितलं होतं. तुझं लक्ष कुठे असतं?"

"तुमच्या... प्रवचनात... लक्ष कोण देणार!"

आणि दोघं भांडायला लागले. पाहुण्यांसमोर, मनापासून. शब्द अडत होते, तिथे वहिनी टेबलावर थाप मारून वाट बघत होत्या आणि पुढचं बोलत होत्या. हर्डीकर एकही शब्द त्यांच्या तोंडातून काढून घेत नव्हते, पण एकही मुद्दा सोडत नव्हते. शेवटी वहिनी म्हणाल्या, "पानं इकडे. मी... वाटते."

डाव्या हातानं वाटलेली पानं वाकडीतिकडी पडत होती. एक टेबलाखाली गेलं. मी वाकणार तोच हर्डीकरांनी माझं मनगट धरलं. वहिनी वाकल्या, बराच वेळ टेबलाखालीच राहिल्या आणि लालबुंद होऊन वर आल्या.

"चौकट सत्ती," त्या म्हणाल्या. "सबनीसांना."

अर्थात मी बुडालो.

निघताना दारात त्यांनी मीनलला विचारलं, "पुढच्या शुक्रवारी... किती वाजता?"

"चारला," मीनल म्हणाली.

एरवी दारातूनच निरोप देणारे हर्डीकर आमच्या मागोमाग लिफ्टपर्यंत आले. त्यांनी माझा हात हातात घेतला, काही बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "चारला म्हणजे चारला, सबनीस."

लिफ्टचं दार दोनदा मिटायला आलं, तरी हात सोडला नाही.